ट्रेडिंग प्लेसेस : एका डॉलरची पैज आणि उघडा हिशोब

माजघर

डिसेंबर लागला की 'नाताळच्या सुट्टीत काय बघायचं' हा धागा निघतो आणि त्यात कुणीतरी 'ट्रेडिंग प्लेसेस'चं नाव टाकतंच. लगेच दोन प्रतिसाद येतात. एक, 'एडी मर्फी म्हणजे कहर आहे'. दुसरा, 'आता बघवत नाही हो तो'. दोन्ही खरं आहे. पण पैसा आणि माणसं यांच्याबद्दल तो सिनेमा जे म्हणतो त्यावर कुणी बोलत नाही, म्हणून हा वेगळा धागा. गोष्ट शेवटापर्यंत उघड करतोय. पाहिला नसेल तर आधी बघून या, धागा कुठे पळून जात नाही.

कथा थोडक्यात. शहर फिलाडेल्फिया. रँडॉल्फ आणि मॉर्टिमर ड्यूक हे दोघे म्हातारे भाऊ वायदे बाजारातल्या (पुढे द्यायच्या मालाचे सौदे आजच होतात तो बाजार) 'ड्यूक अँड ड्यूक' या पेढीचे मालक. माणूस रक्तानं घडतो की परिस्थितीनं, यावर दोघांचं जुंपतं आणि पैज लागते. पेढी सांभाळणारा खानदानी तरुण लुई विनथॉर्प (डॅन अक्रॉइड) याला रस्त्यावर आणायचं आणि रस्त्यावर भीक मागणाऱ्या बिली रे व्हॅलेंटाइनला (एडी मर्फी) त्याच्या जागी बसवायचं. तेच घर, तीच खुर्ची, तोच बटलर. पैज १ डॉलरची. दिग्दर्शक जॉन लँडिस, लेखक टिमथी हॅरिस आणि हर्शेल वाइनग्रॉड, साल १९८३. गंमत म्हणजे गोष्ट सगळी नाताळ आणि नववर्षाच्या आसपासची, पण सिनेमा लागला जूनमध्ये.

रक्त की परिस्थिती, याचा निकाल सिनेमा अर्ध्या वाटेतच लावून मोकळा होतो. बरे कपडे, गरम पाणी, काम आणि मान मिळाला की व्हॅलेंटाइन साहेब होतो. हे सगळं गेलं की विनथॉर्प खिशात मासा कोंबून पळतो. यात फार काही नवं नाही. मला रस आहे तो त्या पैजेच्या आडून आपोआप होऊन गेलेल्या दुसऱ्या परीक्षेत. पैसा काढून घेतल्यावर माणसापाशी कोण उरतं?

विनथॉर्पपाशी कुणीच उरत नाही. क्लबात त्याच्या खिशात खुणेच्या नोटा सापडवल्या जातात, पोलीस चौकीत अंगावर अमली पदार्थ निघतो, बँक खातं गोठवते, क्रेडिट कार्ड जातं. घराची किल्ली चालत नाही आणि दारात आलेला कोलमन, त्याचा रोजचा बटलर, या गृहस्थांना मी ओळखत नाही म्हणून सांगतो. जिच्याशी लग्न ठरलंय ती पेनेलोपी पाठ फिरवते. क्लबातल्या मित्रांकडे जातो तर ती मंडळी मुलींसमोर गाणी म्हणण्यात दंग, याचे मळके कपडे बघून नाकं मुरडतात. खरं-खोटं करायला कुणी थांबत नाही. आरोप खरा आहे की खोटा हा त्यांच्या दृष्टीनं प्रश्नच नव्हता, पत गेली एवढं पुरेसं होतं.

इकडे व्हॅलेंटाइनच्या हातात पैसा येतो. तो जुन्या बारमध्ये जाऊन सगळ्यांना पाजतो आणि वरात घरी आणतो. कालपर्यंत ज्यांनी त्याला हिंग लावून विचारलं नव्हतं ते त्याच्या गालिच्यावर सिगरेटी विझवायला लागतात. ग्लासाखाली कोस्टर ठेवा रे, म्हणून तो ओरडत फिरतो आणि शेवटी सगळ्यांना बाहेर काढतो. असतील शितं तर जमतील भुतं, एवढंच सांगायचं असतं तर सिनेमा इथेच संपला असता.

पण त्यात एक प्रसंग आहे. ड्यूक बंधू व्हॅलेंटाइनला वायद्याचा धंदा समजावून सांगतात, तो ऐकून घेतो आणि म्हणतो, म्हणजे तुम्ही बुकी आहात तर. मग पोर्क बेलीचा (डुकराच्या पोटाकडच्या मांसाचा) भाव सकाळपासून पडतोय, घ्यायचा का, असं ते विचारतात. तो म्हणतो, थांबा. का? कारण ज्यांच्याकडे तो माल धरलेला आहे ते आत्ता घाबरलेत. नाताळ तोंडावर आलाय, पोराला हवं ते खेळणं आणता येणार नाही, बायको जवळ येऊ देणार नाही, म्हणून ते हातातलं विकून टाकतील आणि भाव अजून पडेल. तसंच होतं. रँडॉल्फ खूश, त्याला वाटतं पोरगं हुशार निघालं. मला त्यात दिसतं ते हे, की त्या अख्ख्या इमारतीत भावाच्या आकड्यामागे एक बाप उभा आहे हे फक्त व्हॅलेंटाइनला कळतं, कारण त्याच्या ओळखीतले सगळे तशाच हालात जगणारे. ड्यूक बंधूंनाही माणसं चांगली कळतात, पण ती वापरण्यापुरती.

आता ओफेलिया (जेमी ली कर्टिस). ती वेश्या आहे, आणि विनथॉर्पला घरात घेते ती दयेपोटी नव्हे. तिनं ४२ हजार डॉलर साठवून ट्रेझरी बिलांत, म्हणजे सरकारी रोख्यांत, गुंतवलेत, अजून थोडी वर्षं धंदा करून निवृत्त व्हायचं ठरवलंय. ती त्याला सांगते की तू पुन्हा उभा राहिलास की मला पाच आकडी रक्कम द्यायची, आणि आज सोफ्यावर झोपायचं. सौदा अगदी उघड आहे. पेनेलोपीच्या प्रेमालाही अटी होत्याच, फक्त त्या कधी बोलून दाखवलेल्या नव्हत्या.

म्हणून माझं म्हणणं असं: या सिनेमात जी नाती टिकतात ती सगळी हिशोब उघड करून सुरू झालेली आहेत. शेवटच्या खेळीआधी कोलमन आपली आयुष्यभराची पुंजी काढून देतो, ओफेलिया तिची बचत देते. चौघं भागीदार होतात. माया मागाहून येते, आधी भागभांडवल. नाताळच्या सिनेमात असं सहसा म्हणत नाहीत. तिथे श्रीमंताचं हृदयपरिवर्तन व्हावं लागतं. ड्यूक बंधूंचं होत नाही, आणि मला तो सिनेमाचा प्रामाणिकपणा वाटतो.

तुम्हाला काय वाटतं?

बर्फाळ_पुणेकर

झकास लिहिलंय. मी फिलाडेल्फियापासून तासाभरावर राहतो, म्हणून थोडी गावकी. ड्यूकांची पेढी म्हणून जी इमारत दिसते ती साउथ ब्रॉड स्ट्रीटवरची जुनी फिडेलिटी बँकेची. विनथॉर्पचं घर डिलन्सी प्लेसवर. त्या गल्लीत अजूनही लोक दारासमोर उभे राहून फोटो काढतात. त्या घरापासून थोडं चाललं की सगळा नूर बदलतो, हे सिनेमात सुरुवातीच्या श्रेयनामावलीत फार छान दिसतं: भाजी उतरवणारे, मासे विकणारे, कडाक्याच्या थंडीत बसची वाट बघणारे, आणि मग चांदीच्या ट्रेमध्ये विनथॉर्पची न्याहारी. मागे मोझार्टच्या 'मॅरेज ऑफ फिगारो'ची सुरावट. नोकर मालकाला गुंडाळतात असं ते ऑपेरा, १७८६ चं. संगीतकार एल्मर बर्नस्टाइननं ते उगाच निवडलेलं नाही.

आणि ज्या हिवाळ्याची ही गोष्ट, तेव्हा १९८२ अखेरीस अमेरिकेत बेकारी १०.८ टक्क्यांवर गेली होती. थिएटरात बसलेल्यांपैकी कितीतरी जणांना किल्ली कुलपात न फिरण्याची भीती खरीखुरी होती.

तुमच्या मुद्द्यात एक अडचण आहे मात्र. कोलमनचा हिशोब कुठे उघडा आहे? तो ड्यूकांचा पगारी माणूस. ज्याला रोज न्याहारी दिली त्याला त्यानं दारात ओळख नाकारली.

माजघर

@बर्फाळ_पुणेकर, कोलमनबद्दल मीही घुटमळलो लिहिताना. डेनहम एलियटचा चेहरा बघा त्या दाराच्या प्रसंगात. लाज वाटतेय आणि तरी काम चोख. घर ड्यूकांचं, पगार ड्यूकांचा, हे त्याला पक्कं माहीत आहे. त्याची लाचारी उघडी आहे एवढं म्हणेन. आणि विनथॉर्पनं तरी त्याला कधी काही विचारलं होतं? सुरुवातीच्या सकाळी कोलमन त्याची दाढी करतो, कोट घालतो, आणि विनथॉर्प स्वतःबद्दलच बोलत असतो. ते नातं तुटलं असं कसं म्हणायचं, ते जोडलेलंच नव्हतं.

पिठलंभाकर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. रानजाईताई येतीलच आता.

जुना_दलाल

आमच्या शेताची गोष्ट निघाली म्हणून आलो. (अवांतर: शेत म्हणजे वायदे बाजार. मुंबईत उमेदीची वर्षं त्यातच गेली.) शेवटी नेमकं काय होतं हे बऱ्याच लोकांना कळत नाही, टाळ्या मात्र वाजवतात. सोपं करून सांगतो.

माल आहे गोठवलेला संत्र्याचा अर्क. फ्लोरिडात थंडी पडली की संत्र्याची काळजी सुरू होते. अमेरिकी कृषी खात्याचा पीक-अंदाज जाहीर व्हायच्या आधी तो चोरून मिळवायला ड्यूकांनी बीक्स नावाचा माणूस पोसलाय. आपले चौघं आगगाडीत बीक्सची बॅग बदलतात आणि ड्यूकांच्या हाती खोटा अहवाल पडतो: पीक गेलं. म्हणजे भाव चढणार. ड्यूक सकाळी बाजार उघडताच घेत सुटतात. त्यांना घेताना बघून बाकीचेही घेतात, कारण ड्यूक घेताहेत म्हणजे काहीतरी माहीत असणार. भाव १०२ सेंटवरून १४२ ला जातो. तिथे विनथॉर्प ओरडतो, एप्रिलचे ३० विकले! नसलेला माल विकला. याला आपण विकून ठेवणं म्हणतो, हल्लीची पोरं शॉर्ट मारला म्हणतात. मग टीव्हीवर खरा अंदाज येतो, पीक ठीक आहे. भाव कोसळतो, २९ पर्यंत. आपले दोघं स्वस्तात घेऊन सौदा कापतात.

एक लॉट, म्हणजे सौद्याचं एक माप, १५,००० पौंडांचा. १४२ ला विकून २९ ला घेतला तर पौंडाला १ डॉलर १३ सेंट, म्हणजे लॉटमागे १६,९५० डॉलर. आणि १४२ च्या भावानं लॉटची किंमत २१,३०० डॉलर असली तरी ती सगळी भरावी लागत नाही, मार्जिन म्हणून थोडाच भाग भरायचा असतो. म्हणून कोलमनच्या पुंजीवर एवढी मोठी उडी मारता येते. भाव उलटा गेला असता तर म्हातारपणी कोलमन रस्त्यावर आला असता. माजघर, तुमचा तो भागभांडवलाचा मुद्दा बाजाराच्या नजरेतूनही बरोबर आहे. अशा सौद्यात पैसा घालणारा माणूस आपली मान देतो.

ड्यूकांना मार्जिन कॉल (तोट्यापोटी पैसे ताबडतोब भरा असा तगादा) येतो ३९ कोटी ४० लाख डॉलरचा. वरच्या हिशोबानं निदान २३ हजार लॉट पाहिजेत. उभ्या उभ्या तेवढे घेता येणं म्हणजे सिनेमाच. आणि खऱ्या संत्र्याच्या वायद्यात एप्रिल महिना नसतो, जानेवारी, मार्च, मे असे एकाआड एक असतात. पण तो गोंगाट, ते हातवारे, घामानं चिंब शर्ट सगळं अस्सल, कारण चित्रण न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमधल्या खऱ्या बाजारात झालंय.

कायद्याची गंमत ऐका. चोरलेल्या सरकारी माहितीवर वायद्यात धंदा करायला तेव्हा अमेरिकेत स्पष्ट मनाई नव्हती. २०१० मध्ये तिथल्या वायदे नियामकाचे प्रमुख गॅरी गेन्सलर यांनी संसदीय समितीसमोर या सिनेमाचा दाखला दिला आणि त्याच वर्षीच्या डॉड-फ्रँक या वित्तव्यवहारांवरच्या कायद्याच्या कलम ७४६ नं ती वाट बंद केली. लोक त्याला एडी मर्फी नियम म्हणतात. आपल्याकडे वायदे बाजार आयोग २०१५ मध्ये सेबीत विलीन झाला, तोवर हा सगळा कारभार वेगळ्याच चुलीवर शिजायचा.

शेवगा

नागपूरकर असल्यानं विचारतो, आमच्या संत्र्याचा वायदा का नाही? :)

जुना_दलाल

@शेवगा, कारण तुमचं संत्रं फळ म्हणून खातात, सोलून, हातात. वायदा चालायला माल एकसारखा, मोजता येणारा आणि टिकणारा लागतो. अर्क गोठवून पिंपात ठेवता येतो. मुंबईत १८७५ मध्ये पहिला संघटित वायदा सुरू झाला तो कापसाचा, त्याचं कारणही हेच.

रानजाई

पिठलंभाकर, आले हो.

धागा आवडला, पण सगळेच कौतुकाच्या लाटेत आहेत म्हणून थोडं गार पाणी. आगगाडीतल्या प्रसंगात अक्रॉइड चेहरा काळा फासून जमैकन बनतो. पुढे गोरिलाचा जो 'विनोद' आहे तो विनोद म्हणून चालून गेला हे बघून आज अंगावर काटा येतो. काळ वेगळा होता वगैरे मला सांगू नका. तेव्हाही काळी माणसं थिएटरात होतीच.

पण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे आणि तो या धाग्याच्या विषयाचाच आहे. विनथॉर्पला सिनेमानं काय काय दिलंय बघा: वाग्दत्त वधू, कॉलेजचे मित्र, क्लब, घर. हे सगळं गमावण्यासाठी का होईना, दिलंय. व्हॅलेंटाइनला काय दिलंय? आई नाही, भावंड नाही, शेजारी नाही, राहायची खोलीसुद्धा दाखवलेली नाही. दिली ती बारमधली फुकटी मंडळी आणि कोठडीतले दोघं. म्हणजे श्रीमंताला समाज असतो आणि गरिबाला फक्त टोळकं. मग त्यानं सगळ्यांना घराबाहेर काढलं की आपण हसतो. हा प्रसंग माजघर तुम्ही 'शितं-भुतं' म्हणून सोडून दिलात. मला तो सिनेमातला सर्वांत खोटा प्रसंग वाटतो. एवढी थंडी काढलेल्या माणसाचं कुणीतरी असतंच. नसेल तर तो जिवंत राहत नाही.

ओफेलियाचंही तेच. मनानं चांगली वेश्या हा जगभरच्या सिनेमांचा लाडका साचा. कर्टिसनं त्यात जीव ओतला म्हणून ती माणूस वाटते (त्यासाठी तिला बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळाला, एलियटलाही), लिखाणात ती साचाच आहे.

एक गोष्ट मात्र मान्य. प्रसाधनगृहातला प्रसंग. व्हॅलेंटाइन आत बसलाय, बाहेर दोघं भाऊ पैजेचा १ डॉलर देतात-घेतात. आणि मॉर्टिमर म्हणतो, काळ्या माणसाला मी आपली पेढी चालवू देईन असं तुला वाटलं का? (शब्द तो नाही, त्याहून घाण.) रँडॉल्फ म्हणतो, छे, मीही नाही देणार. परिस्थितीनं माणूस घडतो असं म्हणणारा रँडॉल्फ! पैज जिंकला तो. स्वतःचंच म्हणणं सिद्ध झालं तरी त्याला ते नको होतं. जातीबद्दल बरोबर बोलणारी आणि घरी वेगळं वागणारी माणसं आपण काय कमी बघितलीत? त्या एका संवादासाठी मी सिनेमाचे पुष्कळ गुन्हे माफ करते, सगळे नाही.

बर्फाळ_पुणेकर

+१ रानजाई. व्हॅलेंटाइनच्या एकटेपणाबद्दल मी कधी असा विचारच केला नव्हता. ही भूमिका आधी रिचर्ड प्रायरला डोळ्यासमोर ठेवून होती, विनथॉर्पची जीन वाइल्डरला. मर्फीनं केली तेव्हा तो अवघा विशीच्या उंबरठ्यावर, दुसराच सिनेमा. भूमिकेचं घर-दार कुणी लिहिलंच नाही, त्यानं तोंडानं सगळं भरून काढलं.

पिठलंभाकर

माणसावर पैज लावायचा धंदा जुनाच. मार्क ट्वेननं १८९३ मध्ये लिहिलेल्या दहा लाख पौंडांच्या नोटेच्या गोष्टीतही दोन श्रीमंत भाऊ कंगाल माणसावर पैज लावतात. आणि आपली 'ती फुलराणी'! पुलंनी शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून केली, तीही पैजच. फुलवालीला भाषा शिकवून बाईसाहेब करून दाखवतो म्हणे. पण फुलराणीला किमान माहीत असतं की आपल्याला शिकवतायत. व्हॅलेंटाइनला सांगितलंय की गरिबांना मदत करण्याचा आमचा एक उपक्रम आहे. दानाच्या नावाखाली प्रयोग. ते मला जास्त बोचतं.

आणि त्या फुलदाणीचा प्रसंग कसा विसरलात सगळे? व्हॅलेंटाइनच्या हातून फुटते. रँडॉल्फ म्हणतो, ३५ हजारांची होती. मॉर्टिमर म्हणतो, विमा ५० हजारांचा, म्हणजे १५ हजार सुटले. व्हॅलेंटाइन विचारतो, अजून काही फोडू का? अख्खा सिनेमा आहे त्यात. पोराला धीर देताहेत असं वाटतं, आणि हिशोबही झालेला असतो.

मिलानची_मावशी

इटलीत राहते, म्हणून हे सांगायलाच हवं. इथे हा सिनेमा 'उना पोल्त्रोना पेर दुए' या नावानं दर नाताळच्या आदल्या संध्याकाळी टीव्हीवर लागतो. इतकी वर्षं झाली की आता लोक बघतात कमी आणि लावून ठेवतात जास्त. स्वयंपाकघरात मासे तळले जात असतात, आतून कुणीतरी ओरडतं, 'सांताक्लॉजनं मासा खाल्ला का?' म्हणजे तो प्रसंग: विनथॉर्प सांताच्या मळक्या वेशात पार्टीतून अख्खा सॅमन चोरतो आणि बसमध्ये बसून दाढीच्या केसांसकट चावतो. पोरं किंचाळून हसतात. माझ्या शेजारच्या आजी मात्र त्या ठिकाणी दर वेळी 'पोवेरीनो' म्हणतात, बिचारा. पुढे पाऊस येतो, कुत्रं पाय वर करतं. हसावं की हळहळावं ते ठरत नाही. बसमधले लोक त्याच्याकडे कसे बघतात ते नीट बघा. कुणी हाकलत नाही, कुणी जवळही येत नाही.

तांबडं_फुटलं

कुणीच एझ्राचं नाव घेतलं नाही. क्लबातला म्हातारा काळा नोकर. नाताळची बक्षिसी म्हणून ड्यूक बंधूंपैकी एक त्याच्या हातावर ५ डॉलर ठेवतो. एझ्रा म्हणतो, वा, पाच डॉलर, सिनेमाला जाईन म्हणतो... एकटाच. लगेच दुसरा भाऊ सांगतो, यातले अर्धे माझे आहेत हं.

आमच्या सोसायटीत दिवाळीची पोस्त वाटताना दर वर्षी मला हा प्रसंग आठवतो. वॉचमनच्या हातात पाकीट ठेवताना 'सगळ्यांकडून आहे बरं का' असं आवर्जून सांगणारे असतातच. एझ्राचा तो 'एकटाच' हा शब्द मात्र काय उच्चारलाय! मालकाला टोमणा कळतसुद्धा नाही. माजघर, तुमच्या उघड्या हिशोबात हे बसवून दाखवा. इथेही रक्कम उघड आहे की.

माजघर

@तांबडं_फुटलं, एझ्रा माझ्या नजरेतून निसटला होता असं नाही, लेख लांबला म्हणून गाळला. रक्कम उघड आहे, पण ठरवली एकट्यानं. ओफेलिया भाव स्वतः सांगते आणि विनथॉर्पला कबूल करायला लावते. एझ्राला विचारलंय कुणी? दोन बाजूंनी ठरलेला तो सौदा, एका बाजूनं ठरलेलं ते दान, आणि ड्यूक बंधूंना दान फार आवडतं. पिठलंभाकर म्हणाले तो 'उपक्रम' त्यातलाच.

@रानजाई, व्हॅलेंटाइनला कुणी दिलेलं नाही हे शंभर टक्के मान्य. पण पार्टीचा प्रसंग मला खोटा नाही वाटत. पैसा आल्यावर तो नेमका विनथॉर्पसारखा वागतो, गालिच्यासाठी माणसं हाकलतो. आपण हसतो ते त्याच्या बाजूनं, हा तुमचा आक्षेप खरा आहे. पण सिनेमा तिथे त्याला थोडं कुरूप दाखवतोय असं मला वाटतं. कोलमनच्या चेहऱ्यावरची पसंती बघा त्या क्षणी. बटलरची शाबासकी मिळाली म्हणजे साहेबांत भरती झाली.

रानजाई

चेहऱ्यावरच्या पसंतीवर तुम्ही फार भार टाकताय. :) बरं, शेवटाचं काय? चौघं श्रीमंत होतात, बेटावर पहुडतात, जेवायला लॉब्स्टर की खेकडा हा प्रश्न आता कोलमनला विचारला जातो. ड्यूकांची पद्धत वापरूनच ड्यूकांना हरवलं. चोरीची माहिती, खोटा कागद. एझ्रा कुठे आहे त्या बेटावर? फिलाडेल्फियात बसची वाट बघणारे कुठे आहेत? पैशानं माणसं बिघडतात असं दीड तास सांगून शेवटी बक्षीस काय, तर पैसाच.

जुना_दलाल

@रानजाई, त्याहून कडू सांगतो. वायद्यात एकाचा नफा तो दुसऱ्याचा तोटा, पै-पैचा. त्या सकाळी १४२ च्या आसपास ज्यांनी ज्यांनी घेतलं ते सगळे बुडाले. त्यांत ड्यूक एकटे नव्हते. ड्यूकांना बघून मागे धावलेले छोटे व्यापारीही होते. व्हॅलेंटाइननं ज्या बापाबद्दल सांगितलं होतं, पोराला खेळणं न आणू शकणारा, तसे दहा-वीस तरी त्या गर्दीत असणारच. पडद्यावर ते दिसतात, डोकं धरून बसलेले. सिनेमा त्यांच्यावर रेंगाळत नाही.

बर्फाळ_पुणेकर

हे मात्र जोरात लागलं.

मिलानची_मावशी

तरी मला विनथॉर्प-व्हॅलेंटाइनचं शेवटचं एकमेकांकडे बघणं आवडतं. सौद्याच्या गोंधळात, सगळे ओरडतायत आणि हे दोघं एकमेकांकडे बघून शांतपणे आकडे सांगतायत. त्याआधी व्हॅलेंटाइननं त्याला जीव द्यायला निघालेला असताना घरी आणून झोपवलंय. त्यात कुठला हिशोब होता, माजघर?

माजघर

होता की. ड्यूकांनी दोघांना विकलंय हे व्हॅलेंटाइनला कळलंय आणि त्याला साथीदार हवाय. पण मावशी, त्यानं आधी त्याला झोपू दिलं, योजना सकाळी सांगितली. तेवढी सवलत देतो.

पिठलंभाकर

ड्यूक बंधूंचं राहिलंच. भाव कोसळतो, रँडॉल्फ छाती धरून खाली पडतो. कुणीतरी म्हणतं, तुमच्या भावाला बरं नाही, रुग्णवाहिका बोलवा. मॉर्टिमर सख्ख्या भावाला शिवी हासडतो आणि ओरडतो, बाजार पुन्हा सुरू करा! नात्याबद्दल बोलायचं तर सिनेमातलं सगळ्यात जुनं नातं हे. एका घरात, एका पेढीत, एका डॉलरच्या पैजा लावत म्हातारे झालेले दोघे.

तांबडं_फुटलं

आणि तरी १९८८ च्या 'कमिंग टू अमेरिका'त ते दोघे पुन्हा दिसतात, तेच नट, राल्फ बेलामी आणि डॉन अमिची. न्यूयॉर्कच्या फुटपाथवर, कंगाल, एकमेकांना चिकटून. राजपुत्र झालेला एडी मर्फी त्यांना नोटांची पिशवी देऊन जातो आणि रँडॉल्फ ओरडतो, मॉर्टिमर, आपण परत आलो! मॉर्टिमरनं भर बाजारात भावाला टाकलं होतं, पण फुटपाथवर तो त्याच्याजवळच झोपलाय. तुमच्या सिद्धांतात हे कुठे बसतं? त्या दोघांमध्ये अटी कुणी बोलून दाखवल्या होत्या?

माजघर

बसत नाही. त्या दोघांना जायला दुसरीकडे जागाच नव्हती, एवढंच मला सुचतंय आणि ते पुरेसं नाही. जुन्या_दलालांना विचारा, पेढी बुडाल्यावर भागीदार भाऊ एकत्र राहतात का?

जुना_दलाल

राहतात. एकमेकांशी बोलत नाहीत, पण राहतात. तीन घरं डोळ्यासमोर आहेत, नावं सांगत नाही.